रेसिंग म्हणजे फक्त फॉर्म्युला वन नाही हो!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी पुरवणीत मोटर रेसिंगवर पानभर लेख आला होता. घरी सगळ्यांनी वाचला, फोटो मस्त होते आणि फॉर्म्युला वनच्या टीम कसा पैसा ओततात ते वर्णनही बरोबरच आहे, पण शेवटी लेखकाने जो निष्कर्ष काढलाय की हा खेळ पगारदार माणसाने टीव्हीवरच बघावा, तो काही पटला नाही. त्यात परवा तुमच्याच पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं की ट्रॅक परवडत नाही म्हणून पोरं रात्री रस्त्यावर शर्यती लावतात, त्यांना जरा समजून घ्या. हे वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मी नोकरी करणारी बाई. ज्या गाडीने ऑफिसला जाते त्याच गाडीने स्पर्धेत उतरते आणि ती गाडीसुद्धा मी आणि माझा धाकटा भाऊ अशी दोघांत एक आहे. घरात कोणी उद्योगपती नाही, स्पॉन्सर वगैरे तर सोडूनच द्या. पत्र लांबणार आहे, लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त हेल्मेटचा भाग तेवढा कापू नका.

तर लोकं भेटली की पहिलं विचारतात, रेसिंगला गाडी केवढ्याची लागते? अहो गाडी एकदाच घ्यायची असते. पैसा जातो तो टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, पेट्रोल, एन्ट्री फी, गाडी ट्रॅकपर्यंत न्यायची-आणायची, आणि मग काहीतरी तुटतं ते. म्हणून हिशोब करायचा तर तासभर गाडी पळवायला किती जाळलं असा करायचा. हा हिशोब एकदा मांडला की जी गाडी विकत घेताना स्वस्त वाटत होती, म्हणजे जुनी मोठ्या इंजिनची दणकट सेडान किंवा कोणीतरी टर्बो लावून अर्धवट सोडलेली गाडी, ती सगळ्यात महाग निघते. गाडी जड असली की ब्रेकला जास्त उष्णता गिळावी लागते, टायर कडेने खरवडून निघतात, आणि त्यात वेग वाढला की उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट वेगावरून थांबायचं तर चौपट. म्हणून बजेटवाल्यांनी हलकी, कमी ताकदीची, जिचे पार्ट कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतील अशी गाडी बघावी. जगभर हौशी रेसिंगमधे माझदा एमएक्स-५ एवढी का दिसते? १९८९ साली आलेली ही दोन सीटची गाडी, वजन जेमतेम टनभर, ताकद बेताची, मागची चाकं ओढणारी. सरळ रस्त्यावर कोणीही तिला मागे टाकतं पण टायर आणि ब्रेक तिच्यावर इतके टिकतात की माणूस वीकेंडभर चालवून सोमवारी तीच घेऊन कामावर जातो. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात आणि तिच्यावर स्पेक मियाटा नावाचा अख्खा क्लासच आहे, म्हणजे सगळे याच गाडीवर, सगळ्यांना सारखे शॉकअब्जॉर्बर आणि इंजिनवर ठरलेली बंधनं. पैशाने वेग विकत घेता येऊ नये हाच अशा स्पेक क्लासचा उद्देश. (पैसेवाले तरी वाट काढतातच, नियमाच्या आत बसवून इंजिन बांधून देणारे तज्ज्ञ तिथेही आहेतच, पण निदान फरक सेकंदाच्या भागांमधे राहतो.) तुमच्याकडे जी कुठली साधी हॅचबॅक दारात उभी असेल ती सुरुवातीला चालते. खरंच चालते. आमची तशीच आहे.

आणि सुरुवात करायची कुठे, तर ऑटोक्रॉसमधे. हा शब्द तुमच्या लेखात एकदाही आला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. एखादं मोठं मोकळं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी मिळवायची, त्यावर रबरी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि एका वेळी एकच गाडी घड्याळ लावून सोडायची. शेजारी दुसरी गाडीच नाही त्यामुळे कोणी येऊन आदळायचा प्रश्न नाही, फार तर कोन उडतो. फेरी साधारण मिनिटभराची, दिवसात अशा चार-पाच मिळतात. स्पीड बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरमधेच संपतो. आता ऐकणाऱ्याला वाटतं एवढ्यासाठी काय अख्खा दिवस घालवायचा, आमच्या शेजारच्या काकांनी तर तोंडावर विचारलं की पार्किंगमधे गाडी फिरवायला फी कशाला भरता. पण त्या मिनिटात जेवढी वळणं येतात तेवढी मोठ्या ट्रॅकवर मिनिटभरात येत नाहीत, आणि डोळे पुढच्या कोनाऐवजी त्याच्याही पुढच्या दोन कोनांवर ठेवायची जी सवय लागते ती पुढे कुठल्याही रेसिंगला उपयोगी पडते, सोडा, रोजच्या रस्त्यावरपण पडते.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, हा १९४४ सालचा क्लब ऑटोक्रॉसला सोलो म्हणतो आणि त्यांचे नियम बाकी ठिकाणीही बरेच जण थोडेफार फरकाने वापरतात. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर चौकट आखलेली असते. गाडी घासून कोन हलला पण चौकटीला कुठेतरी शिवून उभा राहिला तर दंड नाही, आडवा पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर २ सेकंद. एखादं गेटच, म्हणजे ज्या दोन कोनांमधून जायचं ती जागा, चुकवली तर ती फेरी बाद. हे बघायला माणसं लागतात ना, ती म्हणजे आपणच. अर्धे जण चालवत असतात तेव्हा बाकी अर्धे उन्हात कोनाजवळ उभे, गाडी गेली की धावत जायचं, पडलेला कोन उचलून चौकटीत ठेवायचा आणि वॉकीटॉकीवर ओरडायचं की अमुक नंबरला एक कोन. सगळे स्पर्धक असे राबतात म्हणूनच तर फी खाली राहते.

एक गाडी दोघांत चालवायची सोय याच खेळात सगळ्यात छान आहे. मी फेरी संपवून आत येते तर भाऊ हेल्मेट घालून तयारच उभा असतो, मी उतरते, तो सीट मागे सरकवतो, दारावरचा चुंबकी आकडा बदलायचा (गाडी एक असली तरी दोघांचे नंबर वेगळे), तोपर्यंत मी फवारणीच्या पंपाने पुढच्या टायरवर पाणी मारते कारण लागोपाठ दोघं चालवल्यावर टायरला गार व्हायला वेळच मिळत नाही आणि तापलेला टायर पकड सोडतो. मग गेज लावून हवा बघायची, तापल्यावर प्रेशर चढलेलं असतं ते थोडं उतरवायचं. एवढं सगळं रांग पुढे सरकायच्या आत. गाडीचा खर्च अर्धा अर्धा आणि वरून फुकटात कोच, कारण दुसरा माणूस बाहेर उभं राहून तुम्ही ब्रेक कुठे मारला ते बघत असतो आणि घरी जाईपर्यंत ऐकवतो. भाऊ असला तर जरा जास्तच ऐकवतो.

टायरबद्दल एक सांगते. टायरच्या कडेला ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो, आकडा मोठा तेवढा टायर टिकाऊ आणि साधारणपणे पकड कमी. एससीसीएच्या स्ट्रीट क्लासमधे, म्हणजे जवळपास कंपनीतून आली तशीच गाडी चालवायच्या गटात, २०० च्या खालचा चालत नाही, त्यामुळे कंपन्यांनी बरोब्बर २०० लिहिलेले चिकट टायर काढले आणि सगळे अनुभवी लोक तेच लावतात. नवीन माणसाने मात्र लावू नयेत. साधा रस्त्यावरचा टायर पकड सुटायच्या आधी किंचाळायला लागतो, हळूहळू घसरतो, सांगून घसरतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो. आधी किंचाळणाऱ्या टायरवर शिकावं, तो संपला की मग बघू.

कार्टिंगबद्दल, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसबद्दल, लेखात होतं पण ते फक्त लहान मुलांचं असल्यासारखं. पहिली कार्ट १९५६ मधे कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने बनवली, तो स्वतः रेस कार बांधणाऱ्या कंपनीत कामाला होता आणि त्याने वापरलं काय तर गवत कापायच्या मशीनचं इंजिन. म्हणजे सुरुवातच जुगाडाची. फॉर्म्युला वनच्या मायकेल शूमाकरला वडिलांनी पेडलवाल्या कार्टला छोट्या मोटरसायकलचं इंजिन लावून दिलं होतं, लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी पोराच्या कार्टिंगसाठी एका वेळी अनेक नोकऱ्या केल्या हे तर सगळ्यांना माहितीये. मोठ्या माणसाने भाड्याच्या कार्टची लीग धरावी, कार्ट त्यांची, मेंटेनन्स त्यांचा, तुमचं फक्त हेल्मेट आणि हातमोजे. बाजूला-मागे दुसरी गाडी असताना ओव्हरटेक कसं करायचं, कधी सोडून द्यायचं, हे ऑटोक्रॉस शिकवत नाही, ते इथे शिकता येतं. स्वतःची टू-स्ट्रोक कार्ट घ्यायचा मोह मात्र आवरा, त्या इंजिनांना ठरावीक तासांनी उघडून पिस्टन बदलावा लागतो आणि मग परत तोच तासाचा हिशोब.

रॅलीची आवड असेल तर गाडी नसली तरी चालतं, बाजूच्या सीटवर बसा. शेजारी बसून रस्ता सांगणारा को-ड्रायव्हर लागतोच प्रत्येक गाडीला आणि चांगला को-ड्रायव्हर मिळत नाही ही कायमची ओरड असते. वेळ आणि अंतर अचूक राखायच्या टीएसडी रॅलीत तर स्पीडचा प्रश्नच नाही, साधे रस्ते, साधी गाडी, सगळं गणितावर, घड्याळ नीट वाचणारा आणि रस्त्याच्या खुणा न चुकवणारा माणूस जिंकतो. आणि हा बायकांचा प्रांत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की १९८१ च्या सान रेमो रॅलीत मिशेल मूतों जिंकली, जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी पहिली बाई, आणि तिच्या शेजारी वळणांच्या नोट्स वाचत होती फाब्रित्सिया पोन्स.

याहूनही स्वस्त, म्हणजे अगदी फुकट रस्ता आहे तो मार्शल व्हायचा. मोनॅको ग्रां प्रीला किंवा सिल्व्हरस्टोनला वळणावर झेंडे घेऊन उभे दिसतात ना नारिंगी नाहीतर पांढऱ्या कपड्यात, ते स्वयंसेवक असतात, हौशी लोक. छोट्या क्लबच्या स्पर्धांना तर मार्शल कायम कमी पडतात. तुम्ही एखाद्या वळणावर दिवसभर उभे राहिलात तर शंभर वेळा तेच वळण शंभर पद्धतीने घेतलेलं दिसतं. कोण ब्रेक उशिरा मारून बाहेर फेकला जातो, कोण लवकर सोडून शांतपणे आत घुसतो, कुठली गाडी दुपारपर्यंत टिकते आणि कुठली बॉनेट उघडून उभी असते, आणि ही शेवटची माहिती गाडी घ्यायच्या आधी मिळाली तर लाखमोलाची. शिवाय ओळखी होतात. हौशी रेसिंगमधे अर्धे पार्ट, ट्रेलर, जुने टायर, सगळं ओळखीतून फिरतं. ज्याने चार स्पर्धांना उन्हात झेंडा धरलाय त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता खऱ्या अर्थाने चाकाला चाक लावून रेस करायची असेल तर बजेटवाल्यांचा उपाय म्हणजे वर्गणी. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी बांधायची आणि लांब पल्ल्याच्या रेसमधे आळीपाळीने चालवायची. अमेरिकेत २४ आवर्स ऑफ लेमन्स नावाची मालिका २००६ पासून चालू आहे, नावातच ल मां या फ्रान्समधल्या २४ तासांच्या प्रसिद्ध रेसची टिंगल (लेमन म्हणजे खटारा गाडी). नियम असा की गाडी ५०० डॉलरच्या वर असता कामा नये, तुम्ही बनवाबनवी केली असं पंचांना वाटलं तर लॅप कापतात, आणि ट्रॅकवर आगाऊपणा केला तर आत बोलावून काहीतरी लाजिरवाणी शिक्षा करतात, सगळ्यांसमोर. लोकं गाड्यांना पंख लावतात, भोपळ्यासारखं रंगवतात, सोफा बसवतात, सगळा धिंगाणा. पण त्या ५०० डॉलरमधे सेफ्टीचं सामान, ब्रेक, चाकं, टायर धरतच नाहीत. मुद्दाम धरत नाहीत. ज्यावर जीव अवलंबून त्यावर काटकसर करायला स्पर्धकाला कारणच द्यायचं नाही असा त्यामागचा विचार आहे, आणि माझ्या मते स्वस्त रेसिंगवाल्यांनी काढलेला हा सगळ्यात शहाणपणाचा नियम.

तर हेल्मेट. दुकानात छान दिसणारं मोटरसायकलचं हेल्मेट घेऊन लोक येतात आणि तपासणीत परत जातात. हेल्मेट तपासून प्रमाणित करणाऱ्या स्नेल संस्थेचा शिक्का दोन प्रकारचा, एम म्हणजे मोटरसायकल आणि एसए म्हणजे गाड्यांच्या रेसिंगसाठी. एसएमधे आगीची चाचणी असते आणि डोकं रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी सांगाड्याच्या, पाइपवर एकाच जागी परत परत आपटेल हे धरलेलं असतं. एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५ असे दर पाच वर्षांनी नवे मानक येतं आणि मग क्लब जुनी मानकं टप्प्याटप्प्याने बंद करतात, त्यामुळे सेलमधे स्वस्त मिळतंय म्हणून जुनं घेतलं तर दोन सीझनमधे कपाटात जातं. ऑटोक्रॉसला बऱ्याच ठिकाणी एम चालतं, पण पुढे जायचा विचार असेल तर पहिल्यांदाच एसए घ्या. आणि सेकंडहँड? नाही. आतला फोम एकदा दबला की वरून काही दिसत नाही आणि विकणारा काय सांगणार, पडलं होतं म्हणून? सगळं सेकंडहँड घ्या, गाडी, चाकं, जॅक, ट्रेलर, हेल्मेट नाही आणि बेल्ट नाही. बेल्टच्या पट्ट्यांना मुदत छापलेली असते, ऊन आणि घाम लागून त्या आतून कमजोर होतात.

बेल्टवरून आठवलं, रोजच्या गाडीत चार पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट लावून फिरणारे बरेच दिसतात. धडक झाली की कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो आणि माणूस खाली घसरतो, म्हणून पायांमधून जाणारे पट्टे असतात, सहा पट्ट्यांचा बेल्ट त्यासाठी. आणि खांदे असे घट्ट बांधले की शरीर थांबतं पण डोकं पुढे जातं. २००१ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर शेवटच्या लॅपमधे नॅसकार या तिथल्या मोठ्या रेसिंग मालिकेतले नावाजलेले ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होऊन. हान्स नावाचं मानेचं उपकरण त्याच्या आधी कितीतरी वर्षं अस्तित्वात होतं, रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने आणि त्याचा मेव्हणा जिम डाउनिंग, जो स्वतः रेसर, त्यांनी ते ऐंशीच्या दशकात बनवलं होतं, पण ड्रायव्हर लोकांना ते अडचणीचं वाटायचं. अर्नहार्टनंतर त्याच वर्षी नॅसकारने मानेला आधार सक्तीचा केला, फॉर्म्युला वनने २००३ मधे. आज हौशी माणसालासुद्धा ते परवडेल अशा रेंजमधे मिळतं. रोल केजचंही तसंच, रेससाठी केज हवाच, पण केज लावलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवू नका, साध्या धडकेत डोकं थेट लोखंडावर जातं. त्यामुळे एकच गाडी ऑफिसला आणि रेसलाही, हे ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डेपर्यंत (ट्रॅकवर शर्यत न लावता आपली गाडी चालवायचा दिवस) ठीक, त्यापुढे दोन गाड्या वेगळ्याच कराव्या लागतात.

गाडीत पहिला पैसा कशात घालायचा याचं उत्तर कोणाला आवडत नाही कारण ते दिसत नाही. ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल ओढून घेतं, पावसाळ्यातल्या मिठासारखं, आणि पाणी मुरलं की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल धरल्यावर १४० वर येतं, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ट्रॅकवर दोन-चार लॅप जोरात मारल्या की कॅलिपरमधलं, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, आणि पेडल सरळ फळीला टेकतं. हे ज्याने एकदा पायाखाली अनुभवलं तो परत कधी एक्झॉस्टच्या आवाजावर पैसे घालत नाही. ताजं डॉट ४, आतली हवा काढून नीट ब्लीड केलेलं, बरे ब्रेक पॅड, भरपूर कूलंट आणि इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत (लांब वळणावर ऑइल सम्पच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, एका बाजूला चढतं आणि पंपाला हवा मिळते, इंजिनं अशीच जातात), एवढ्यावर पहिला सीझन निघतो. पॉवर वाढवू नका. वाढवलेली पॉवर उष्णता होऊन बाहेर येते आणि मग रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स एकेक करून बिल पाठवतात.

स्पर्धेआधी जी तपासणी होते, स्क्रूटिनी म्हणतात, ती घरी आदल्या रात्री स्वतः करायची. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा, खडखड वाटली तर बेअरिंग नाहीतर स्टेअरिंगचा जोड ढिला. बॅटरी हाताने ओढून बघा, हलली तर बाद. नट टॉर्कच्या पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यावर. मग सीटखाली हात घाला. पाण्याची बाटली, छत्री, नाणी, मुलाचं खेळणं, सगळं काढा, ड्रायव्हरच्या बाजूची चटईसुद्धा काढा. ती बाटली वळणावर गडगडत येऊन ब्रेकच्या पेडलखाली बसते. तपासणारे लोक पहिले तिथेच बघतात आणि जवळपास प्रत्येक वेळी कोणाच्या तरी गाडीतून काहीतरी निघतंच, मग ते हातात धरून सगळ्यांना दाखवतात.

आणि हो, इन्शुरन्सची पॉलिसी वाचा. घड्याळ लावून केलेली कुठलीही स्पर्धा साधारण पॉलिसीत बसत नाही, म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर नुकसान तुमचंच. म्हणून जुना नियम चांगला आहे की जी गाडी भिंतीला लावून तिथेच सोडून चालत घरी जायची तयारी आहे तीच रेसला न्यावी. कर्जाचे हप्ते चालू असलेली गाडी नेणाऱ्याला मी तरी थांबवते.

घरी बसून सराव करायचा तर सिम्युलेटर आहेत. आधी मीपण गेम म्हणून हसायचे, पण विल्यम बायरन हा नॅसकारचा ड्रायव्हर आयरेसिंग या सिम्युलेटरवर कॉम्प्युटरपुढे शिकला आणि त्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मोठी रेस जिंकली. ट्रॅक पाठ होतात, गर्दीत संयम शिकता येतो. पोटात गोळा येतो तो मात्र खऱ्या गाडीतच.

आता त्या वाचकाच्या पत्राबद्दल. रात्री रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या पोरांना गरिबीने तिथे नेलंय हे मला मान्यच नाही. त्यांच्या गाड्यांवरचे अलॉय, साउंड, एक्झॉस्ट बघा, त्या पैशात दोन-तीन सीझन ऑटोक्रॉस होतो. तिथे मार्शल नाही, अॅम्ब्युलन्स नाही, वळणापलीकडे काय आहे हे माहीत नाही, आणि रस्त्यावरून जो घरी चाललाय त्याने यात भाग घ्यायला कुठेच सही केलेली नाही. समजून कोणाला घ्यायचं तर त्याला घ्या. त्यात शिकायलाही काही मिळत नाही, सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवणं कोणालाही जमतं. त्यांच्यातला एक मुलगा आमच्याकडे आला होता, बरीच तयारी केलेली गाडी घेऊन. पहिल्याच फेरीत चार कोन उडवले आणि एका आजोबांच्या जुन्या हॅचबॅकपेक्षा मागे राहिला. दुपारी कोनाजवळ ड्युटी लागली तेव्हा गप्प उभा होता, आजोबा कुठून कसे वळतात ते बघत. पुढच्या वेळी परत आला. आता रात्री जातो की नाही ते मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणी. क्रीडा पानावर परदेशातल्या ग्रां प्रीचा निकाल तुम्ही न चुकता देता, त्याच्याखाली दोन ओळी आपल्या हौशी स्पर्धांच्या तारखांना द्या, कुठे, कधी, प्रेक्षकांना प्रवेश आहे का. बहुतेक देशांत एफआयएची, म्हणजे मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेची, मान्यता असलेली संस्था असते, तिच्याकडे वर्षाचं कॅलेंडर आणि लायसन्सची माहिती असते, तुमच्या वार्ताहराला एका फोनवर मिळेल. आणि जमलं तर त्या दोन ओळींमधे हेही छापा की मार्शल हवेत. सकाळी सात वाजता यायचं, टोपी आणि पाणी आपलं आपण आणायचं, बूट पुढून बंद असलेले, चप्पल घालून आलात तर कोनाजवळ उभं करत नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक